पट्टा राहू द्या, आधी आडोसा द्या



गेल्या पंधरा दिवसांत पुण्याच्या दोन खेपा झाल्या. पहिली गुलटेकडीला मार्केट यार्डात टोमॅटो घेऊन, दुसरी शिवाजीनगरला एका बैठकीला. टोमॅटोच्या भावाचं रडगाणं मागच्या नोंदीत झालं, ते परत नको. आजची नोंद बैठकीची आहे आणि जरा लांब आहे. दुपारच्या निवांत वेळी वाचा.

बैठक शहरातल्या एका नव्या कंपनीनं बोलावली होती. नाव लिहीत नाही. पोरं शिकलेली आहेत, मनानं चांगली आहेत, माझं भांडण त्यांच्या विचाराशी आहे. त्यांनी मनगटाला बांधायचा एक पट्टा केलाय. माणूस काम करत असो नाहीतर बसलेला असो, त्याच्या अंगातलं पाणी किती कमी झालं हे पट्टा सांगतो, असं त्यांचं म्हणणं. आत्तापर्यंत तो पळायला जाणाऱ्या आणि जिमला जाणाऱ्या लोकांना विकला. आता ऊसतोड मजुरांवर चाचणी घ्यायचीय. त्यासाठी दौंड, शिरूर, इंदापूर भागातले दहा ऊसवाले पाहिजेत. आपल्या फडात आलेल्या टोळीला आपण पट्टे बांधायला लावायचे आणि आकडे मोबाइलवर बघायचे. कुणाच्या मोबाइलवर? मुकादमाच्या आणि आपल्या.

सहा जणांनी तिथंच हात वर केला. त्यातले चौघं हे पान वाचतात. मी नाही म्हणून आलो. चारचौघांत मला धड बोलता येत नाही, म्हणून कारणं इथं लिहितो. चौघांनी शेवटपर्यंत वाचावं, मग काय ते ठरवावं.

पहिल्यांदा एक सांगतो. मी यंत्राच्या विरोधातला माणूस नाही. माझ्या उसात दोन टेन्शिओमीटर आहेत, सहा वर्षं झाली. त्याआधी शेजाऱ्यानं मोटर चालू केली की मी चालू करायचो. टेन्शिओमीटर बसवल्यावर कळलं की काळ्या रानात मी दर चार पाण्यांतलं एक उगाच देत होतो. कोइमतूरच्या ऊस संशोधन संस्थेनं रंगीत दिव्यांचं ओलावा दाखवणारं यंत्र काढलं, लुधियानाच्या कृषी विद्यापीठानं भातासाठी हिरव्या-पिवळ्या-लाल पट्ट्यांचा टेन्शिओमीटर दिला. दोन्ही कामाची आहेत. आकडा वाचता आला नाही तरी रंग कळतो. बारामतीत कृषी विज्ञान केंद्राच्या रानात तर उपग्रह, जमिनीतले सेन्सर आणि संगणक मिळून उसाला पाणी कधी द्यायचं ते सांगतायत. मीही जाऊन बघून आलोय.

मग उसाला सेन्सर चालतो आणि ऊस तोडणाऱ्याला का नको? बैठकीत मला हाच सवाल विचारला. सवाल रास्त आहे. उत्तर टप्प्याटप्प्यानं देतो.

पट्टा मोजतो तरी काय

बाजारात या जातीची जी यंत्रं आहेत ती ढोबळमानानं तीन प्रकारची. एक, घामाची पट्टी. कातडीला चिकटते, तिच्यात केसासारख्या बारीक नळ्या असतात, घाम त्यात चढतो, रंग बदलतो आणि त्यावरून घाम किती गेला, मीठ किती गेलं याचा अंदाज येतो. गेटोरेडनं २०२१ मध्ये अमेरिकेत खेळाडूंसाठी अशी पट्टी आणली. एकदा वापरायची, मोबाइलनं फोटो काढायचा, फेकून द्यायची. दोन, अंगातून अगदी बारीक वीज सोडून अडथळा मोजणारी. पाण्यातून वीज सोपी जाते, चरबीतून अवघड, त्यावरून अंगातलं एकूण पाणी काढतात. सॅमसंगच्या घड्याळात २०२१ पासून ही सोय आहे. तीन, नाडीचे ठोके, पावलं आणि तापमान बघून हिशेबानं अंदाज बांधणारी. आणि एक चौथा प्रकार आहे, तो मोजत काहीच नाही. दर तासाला ‘पाणी प्या’ म्हणून किरकिर करतो. स्वस्तातले बरेचसे पट्टे या चौथ्यातले.

आता कृषी पदवीधर मित्रांनो, तुम्हीच बघा. घामाच्या पट्टीला घाम लागतो. माणूस सावलीत बसला, घाम थांबला, की पट्टी मुकी. वीज सोडणारा प्रकार निवांत बसलेल्या माणसावर चालतो, पण जेवण झालं, कूस बदलली, कातडी गरम झाली, की आकडा हलतो. शिवाय तो उंची, वजन, वय घालून सूत्रानं काढलेला आकडा असतो. ते सूत्र ज्यांच्यावर बसवलं ती माणसं कोण होती हे विचारायला पाहिजे. आपण जिप्सम ब्लॉक मुरमाड रानात एका नोंदीवर आणि काळ्या रानात त्याच नोंदीवर वापरतो का? नाही. आधी रान बघून आकडे जुळवून घेतो. बीडच्या बाईचं अंग आणि पुण्यातल्या टेकडीवर पळणाऱ्या पोराचं अंग ही दोन वेगळी रानं आहेत.

माझा भाचा बिबवेवाडीत राहतो, तळजाईवर रोज पळतो. त्याला पट्टा उपयोगी पडतो, हे मी मान्य करतो. त्याचा घाम गेला की तो थांबतो, पाण्याची बाटली काढतो, दोन मिनिटं बाकावर बसतो, परत पळतो. त्याला थांबायला कुणाला विचारावं लागत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागेल.

माझ्यावरच घेतलेली चाचणी

बैठकीतून एक पट्टा मी मागून आणला. बारा दिवस बांधला. त्यातल्या एका दिवसाची नोंद देतो. त्या दिवशी मी टोळीबरोबर फडात होतो, स्वतः ऊस तोडला, मोळ्या बांधल्या.

सकाळी ७ वाजता टोमॅटोचे कॅरेट मोजायच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर उभा राहिलो. ७१.२ किलो. ११ वाजता घाम पुसून, तेच कपडे बदलून परत काट्यावर. ६९.१ किलो. मधल्या वेळात दीड लिटर पाणी मोजून पिलो, खाल्लं काही नाही, लघवीला गेलो नाही. म्हणजे वजन घटलं २.१ किलो, वर पिलेलं दीड लिटरही घामात गेलं. चार तासांत ३.६ लिटर, तासाला जवळजवळ ९०० मिली. आणि पाणी पिऊनसुद्धा अंगाचं वजन तीन टक्क्यांनी कमी. दोन टक्क्यांच्या पुढं गेलं की दमसास आणि डोकं दोन्ही मंदावायला लागतं, हे खेळाच्या शास्त्रात कधीचं मान्य आहे.

पट्ट्यानं काय सांगितलं? साडेनऊपर्यंत हिरवा. मग एकदा ‘पाणी प्या’. त्यानंतर पाचटाची धूळ आणि घाम यांचा लगदा मनगटाखाली गेला, पट्टा सरकला आणि ११ वाजता पडद्यावर काहीच नव्हतं. काळं रान तडकलं की टेन्शिओमीटरच्या कपाची माती सुटते आणि नोंद खोटी येते, तसलाच प्रकार. दुपारी खाटेवर पडलो तेव्हा ‘पुरेशी माहिती नाही’ असं आलं. बारा दिवसांत काट्याशी जुळणारी नोंद चार दिवस मिळाली.

पोरं म्हणतील, सुधारू. सुधारतीलही. पुढच्या वर्षी बाराच्या बारा दिवस जुळेल असं धरून चालतो. माझा मुद्दा तरीही तिथंच राहतो. आणि दरम्यान ज्याला आकडाच पाहिजे त्याच्यासाठी काटा आहे. कामाआधी आणि कामानंतर वजन करा. जितके किलो घटले तितके लिटर पाणी गेलं. याच्याइतकं सरळ मोजमाप दुसरं नाही, आणि काटा प्रत्येक टोमॅटोवाल्याच्या शेडमध्ये पडलेला आहे. काटाही नसेल तर लघवीचा रंग बघा. लिंबूपाण्यासारखा फिका असेल तर ठीक. गर्द पिवळा झाला तर पाणी कमी पडतंय. चहासारखा दिसला तर काम बंद करा आणि डॉक्टर गाठा, मूत्रपिंडाचा मामला असू शकतो. हा रंगाचा पट्टा निसर्गानं फुकट दिलाय.

ती बाई

आता जे लिहितोय ते लिहायला मला दोन वर्षं लागली.

दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीच्या शेवटाला, माझ्याच फडात तोडणी चालू होती. सहा कोयते. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, हे शहरातल्या वाचकासाठी सांगतो. दुपारी साडेबाराच्या सुमारास एक बाई मोळी डोक्यावर घेऊन गाडीकडं निघाली आणि मधेच खाली बसली. बसली ती आडवीच झाली. अंग तापलेलं, बोलणं तुटक. तिथून पन्नास फुटांवर माझी मोटर चालू होती. शेजारच्या खोडव्याला ठिबकनं पाणी चाललं होतं.

तिला सावलीत नेलं, अंगावर पाणी ओतलं, गाडीतून दवाखान्यात नेलं. सलाईन लागली. बाई वाचली. तिसऱ्या दिवशी फडात परत आली, कारण दोन दिवसांचा खाडा मुकादमानं उचलीत धरला होता.

मी तिला म्हणलं, “ताई, पाणी तर इथंच होतं. पिलं का नाही?”

ती माझ्याकडं न बघता म्हणाली, “मालक, पाणी पिलं की आडोशाला जावं लागतंय. जायचं कुठं? समोर रस्ता, बाजूला गाडीवाले. ऊस होता तवर ठीक होतं, ऊस तर आम्हीच तोडला.”

मंडळी, तीस वर्षं माझ्या रानात टोळ्या येतायत. तीस वर्षांत हे मला सुचलं नव्हतं. तोडणी जितकी पुढं सरकते तितका बायांचा आडोसा कमी होतो. त्या पहाटे कोपीतून निघताना पाणी पीत नाहीत ते संध्याकाळपर्यंत. चुकून विसरत नाहीत, ठरवून तहान मारतात.

आता मला सांगा, त्या बाईच्या मनगटावर पट्टा असता तर काय झालं असतं? पट्टा लाल झाला असता. तिला माहीतच होतं की ती तहानलेली आहे. मुकादमाच्या मोबाइलवर लाल ठिपका आला असता. मुकादम म्हणाला असता, “बाई, पाणी पी की.” बाई गप्प बसली असती. तिला जे पाहिजे होतं ते चार बांबू आणि एक शेडनेटचा तुकडा. तो माझ्या शेडच्या मागं पडून होता.

बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हा आपण सगळ्यांनी बातम्या वाचल्या आणि हळहळलो. पण खाडा, आडोसा नसणं, पाणी न पिणं हे सगळं बीडमध्ये होत नाही. ते आपल्या फडात होतं. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर. आपल्या बांधाच्या आत.

हमालाची पाठ आणि गोणी

मार्केट यार्डात मी टोमॅटो उतरवतो तेव्हा तिथल्या हमालांकडं बघून मला एक गोष्ट नेहमी आठवते. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं जेव्हा हमालांची पाठ वाचवायचं मनावर घेतलं, तेव्हा पाठ किती वाकते हे मोजायचं यंत्र मागितलं नाही. गोणी हलकी करा म्हणून मागणी केली. पोतं ५० किलोच्या वर नको. १९६९ चा माथाडी कायदा आला तो अशाच लोकांच्या लढ्यातून. १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू झाली, कारण राबणाऱ्याला परवडेल असं पोटभर जेवण मिळत नव्हतं. त्यांनी हमालांच्या ताटातले उष्मांक मोजत बसायचं ठरवलं नाही, भाकरी थापायला घेतल्या.

त्याच पुण्यात, यार्डापासून फार लांब नाही, गंज पेठेत महात्मा फुल्यांचा वाडा आहे. १८६८ मध्ये फुल्यांनी आपल्या घराचा हौद अस्पृश्यांना खुला केला. तहान किती लागलीय याचा प्रश्न तेव्हाही नव्हता. पाण्यापर्यंत हात पोचू दिला जात नव्हता, हा प्रश्न होता. पुढं सत्तरच्या दशकात बाबांनीच ‘एक गाव एक पाणवठा’ म्हणून महाराष्ट्र पालथा घातला, तोही ह्याच प्रश्नासाठी. पाण्याचं मोजमाप आणि पाण्याचा हक्क यातला फरक आपल्या मातीला दीडशे वर्षांपासून कळतो. तो पुण्यातल्याच पोरांना आपण समजावून सांगायचा, याचं वाईट वाटतं.

पाणी पुरतं, पण उन्हाचं काय

तांत्रिक मुद्दा एक राहिला, आणि तो सगळ्यात मोठा आहे. उष्माघात फक्त पाणी कमी पडून होत नाही. काम करणारे स्नायू उष्णता तयार करतात, वरून ऊन उष्णता देतं, आणि ती बाहेर टाकायला अंग कमी पडलं की ताप चढतो. दोन लिटर पाणी पोटात असलेला माणूसही उन्हात सलग राबला तर कोसळू शकतो. तेव्हा पट्टा हिरवाच असेल. हिरवा पट्टा बघून मुकादम म्हणेल, अजून एक गाडी भरा. ही मला सगळ्यात जास्त भीती आहे.

१६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषणच्या कार्यक्रमात उन्हात बसलेल्या लोकांपैकी १४ जण गेले. ती माणसं नुसती बसली होती. त्यांच्या हातात कोयता नव्हता.

मध्य अमेरिकेत निकाराग्वा आणि एल साल्वादोर या देशांत ऊस तोडणाऱ्या तरण्याताठ्या माणसांची मूत्रपिंडं निकामी व्हायला लागली. ना मधुमेह, ना रक्तदाब. उन्हातली अंगमेहनत आणि त्यातून होणारी पाण्याची तूट हे त्यातलं मोठं कारण मानलं जातं. तिथं काय केलं? फडात सरकवता येणारे सावलीचे तंबू, पाठीवर पाण्याची पिशवी आणि ठरलेल्या वेळी ठरलेली विश्रांती. पाणी, विश्रांती, सावली, हे त्यांचं सूत्र. एल साल्वादोरमध्ये २०१४-१५ च्या हंगामात हे करून बघितलं तेव्हा माणशी तोड घटली नाही, उलट वाढली. आणि पुढच्या कामातून हेही दिसलं की नुसतं पाणी देऊन भागत नाही, विश्रांती वाढवल्यावरच मूत्रपिंडावरचा ताण खाली येतो.

म्हणजे तीन गोष्टींतली एकच पट्टा मोजतो, आणि ती तिन्हींत पुरेशी नाही.

उलट बाजूही सांगतो. ‘जास्त पाणी प्या’ हाही आंधळा मंत्र नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, त्यातल्या १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी झालेलं निघालं, आणि वाटेत ढसाढसा पाणी पिणं हे त्याचं मुख्य कारण होतं. म्हणून उन्हातल्या कामात दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला, तासाला दीड लिटरच्या वर नाही, आणि काम लांबलं तर सोबत मीठ. लिंबू-मीठ-साखर आपल्या घरात आहेच.

चार हजार लिटरचा हिशेब

पुण्यात हवामान खात्याचा शेती-हवामान विभाग १९३२ पासून आहे. पॅनमधून दिवसाला किती मिलिमीटर पाणी उडालं यावरून पिकाला किती द्यायचं, हे गणित आपण त्यातूनच शिकलो. आता त्याच गणितात माणूस बसवून बघू.

एका एकरावर १ मिमी पाणी म्हणजे साधारण ४ हजार लिटर. उन्हाळी दिवसाला ६ मिमी उडालं तर एकरी २४ हजार लिटर. ते आपण कुरकुर न करता देतो, रात्री दोनला उठून मोटर चालू करतो. दहा कोयत्यांची टोळी म्हणजे वीस माणसं. प्रत्येकाला दिवसाला पिण्यासाठी १० लिटर धरा. झाले २०० लिटर. म्हणजे त्या एकरावरच्या एका मिलिमीटरचा विसावा भाग. आपल्या ठिबकच्या एखाद्या फुटक्या जोडातून याच्यापेक्षा जास्त गळतं.

आणि पैशाचं म्हणाल तर तोडणी-वाहतूक कुणाच्या बिलातून कापली जाते? आपल्या. गाडीवाल्याला ‘एंट्री’ कोण देतो? आपण. टोळीला खुशाली कोण देतो? आपण. एंट्रीला पैसे निघतात, आडोशाला निघत नाहीत. कारखान्याचं काम, मुकादमाचं काम, सरकारचं काम असं म्हणून आपण हात झटकतो. कामगार कल्याण महामंडळ आहे, शिवाजीनगरला साखर संकुल आहे, त्यांनी करायलाच पाहिजे आणि त्यांच्याकडं मागायलाच पाहिजे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचे दर ३४ टक्क्यांनी वाढले ते मागितले म्हणूनच. पण फड आपला आहे, विहीर आपली आहे. ती बाई माझ्या रानात पडली, साखर संकुलात पडली नाही.

त्यांचा मुद्दा, माझं उत्तर

बैठकीतल्या एका पोरीनं मला चांगलं अडवलं होतं. ती म्हणाली, “काका, मोजलंच नाही तर कुणी मान्य तरी करेल का? आकडे आले की सरकारवर दबाव येईल. मजुराच्या हातात पुरावा येईल.” हा मुद्दा मी खोडत नाही. मध्य अमेरिकेतली गोष्टही लोकांनी रक्त-लघवी तपासली, वजनं घेतली, तेव्हाच जगाला पटली.

पण तिथं मोजणारे डॉक्टर होते आणि मोजमाप मजुराच्या बाजूचं होतं. इथं आकडे मुकादमाकडं आणि मालकाकडं जाणार. मनगटावरचं यंत्र पाण्याबरोबर दुसरंही मोजतं. माणूस किती वेळ बसला, किती वेळ चालला, कुठं गेला. नागपुरात, चंडीगडला सफाई कामगारांच्या हातात जीपीएसची घड्याळं बांधली, ती त्यांच्या तब्येतीसाठी नव्हती. कोण कुठं किती वेळ थांबला हे साहेबाला दिसावं म्हणून होती. ऊसतोडीत माणूस आधीच उचलीनं बांधलेला असतो, त्यावर आणखी एक पट्टा. ‘ही बाई दर महिन्याला तीन दिवस हळू चालते’ हे एकदा मोबाइलवर दिसलं की पुढच्या साली तिच्या कोयत्याला उचल कमी मिळेल. असं होणार नाही म्हणून मला कुणी लिहून देत असेल तर दाखवा.

आणि ‘नाही’ म्हणायची मुभा? टोळीतल्या कुणाला विचारलं का, असं मी बैठकीत म्हणलं. उत्तर आलं, मुकादमाची संमती घेऊ. मंडळी, आपण जनावराच्या कानात बिल्ला मारताना मालकाची संमती घेतो.

मी काय केलं, काय मागतो

ज्या चौघांनी हात वर केलाय त्यांनी पोरांना परत पाठवावं असं मी म्हणत नाही. अटी घाला. आधी फडात पाणी, सावली, आडोसा आणि दुपारची सुट्टी, मग पट्टा. आकडे फक्त मजुराच्या मोबाइलवर. प्रत्येक बाईमाणसाला वेगळं विचारायचं, नको म्हणाली तर विषय संपला. आणि पट्टा लाल झाला तर काम थांबेल आणि थांबलेल्या वेळेचे पैसे मिळतील, हे कागदावर. एवढं मान्य करत असतील तर मी स्वतः अकरावा येतो.

माझ्या फडात गेल्या हंगामात जे केलं ते असं:

१. दोन मोठे माठ, ओलं गोणपाट गुंडाळून, बांधावर. रोज सकाळी भरायचे काम माझ्या पोराकडं.

२. चार बांबू, जुनी शेडनेट, खड्डा आणि मातीचा ढीग. तोडणी पुढं सरकली की आडोसा उचलून पुढं. दोघांचं अर्ध्या तासाचं काम.

३. शेडनेटचाच दुसरा तुकडा सावलीला. लहान पोरंही त्याखालीच.

४. एक लिटर पाण्याला सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. जागेवरच करून ठेवायचं. जास्त मीठ घालायचं नाही.

५. कुणाचं बोलणं तुटक झालं, अंग तापलं, तर १०८ ला फोन, सावली, अंगभर पाणी आणि वारा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

सहावी गोष्ट जमली नाही, तीही लिहितो. दुपारी १२ ते ३ सुट्टी. टोळीच नाही म्हणाली. गाडी भरली नाही तर टनाचे पैसे जातात. शेवटी मी जी खुशाली द्यायचो ती दुपारच्या सुट्टीशी जोडली, तेव्हा दीड तास थांबायला लागले. दीड तास पुरेसा नाही. टनावर मजुरी आहे तोवर विश्रांती मजुराच्या खिशातून जाणार, आणि हे एका शेतकऱ्याच्या आवाक्यातलं नाही. इथं मात्र कारखाना आणि सरकार लागतं. ऊस पिकवणाऱ्या आणि ऊस तोडणाऱ्या दोघांनी मिळून मागायची गोष्ट आहे ती.

गेल्या हंगामात दुसऱ्या टोळीबरोबर ती बाई परत आली होती. पहिल्या दिवशी आडोसा बघितला, काही बोलली नाही. दहाच्या सुमाराला माठाजवळ आली, तांब्या भरून घेतला आणि उभ्यानंच सगळा पिली. मग दुसरा भरला.

मनगटावर काही नव्हतं. मला जे कळायचं ते कळलं.

कृषी सहायक, पदवीधर मित्र, कारखान्याच्या शेती विभागातले लोक हे पान वाचतात. तुमच्या ऊस लागवडीच्या पुढच्या मेळाव्यात ठिबकच्या तक्त्याखाली एक ओळ वाढवा. तोडणीच्या दिवसांत फडात माणशी १० लिटर पिण्याचं पाणी, सावली आणि आडोसा. शिफारस म्हणून लिहा. शिफारस लिहिलेली असली की आपण शेतकरी पाळतो, युरियाच्या बाबतीत नाही पाळत, पण ही पाळू.

येतो. मोटरची वेळ झाली.